पूर्ण स्तन काढला तर आयुष्य वाढतं का? एका शस्त्रक्रियेचा सव्वाशे वर्षांचा हिशेब

स्तनाच्या कॅन्सरचा बायोप्सी रिपोर्ट हातात पडला की घरातून पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच येतं: "डॉक्टर, सगळंच काढून टाका, पुन्हा भानगड नको." कधी ते पेशंट स्वतः म्हणते, कधी तिचा नवरा. पेण-रोह्याकडच्या एकत्र कुटुंबात बरेचदा सासूबाई किंवा मोठ्या जाऊबाई म्हणतात. त्यामागचा विचार आपल्या भातशेतीतलाच आहे. तण वरवर कापलं तर पुन्हा उगवतं, मुळासकट उपटलं तर शेत साफ होतं. मग गाठीपुरतं काढून उरलेला स्तन ठेवायचा, हे ऐकलं की वाटतं, डॉक्टर दिसण्यासाठी जिवाशी खेळायला सांगताहेत.

असं वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या सर्जनांनाही अनेक दशकं अगदी हेच वाटत होतं. ते तपासून पाहायला खूप वर्षं लागली, आणि ते तपासण्यासाठी हजारो स्त्रियांनी स्वतःचं नाव चिठ्ठीत घालू दिलं. आज तुमच्यापुढे जो पर्याय ठेवला जातो तो त्यांच्यामुळे आहे. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी हा इतिहास वाचावा असं मला वाटतं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. इथे मी सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरबद्दल बोलतो आहे. म्हणजे गाठ लहान आहे, फार तर काखेतल्या गाठींपर्यंत पोचली आहे, पण हाडं, यकृत, फुप्फुस अशा दूरच्या ठिकाणी दिसत नाही.

हॉल्स्टेड आणि 'मुळासकट'

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड नावाचे सर्जन होते. ऑपरेशनच्या वेळी रबरी हातमोजे घालण्याची पद्धत रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १८९४ मध्ये त्यांनी ५० स्त्रियांवर केलेल्या शस्त्रक्रियांची माहिती प्रसिद्ध केली. ते पूर्ण स्तन काढत, त्याखालचा छातीचा मोठा स्नायू काढत आणि काखेतल्या सगळ्या गाठी काढत. या शस्त्रक्रियेला 'रॅडिकल मास्टेक्टॉमी' म्हणतात. रॅडिकल शब्दाचा मूळ अर्थच 'मुळाशी संबंधित' असा आहे.

त्या काळात शस्त्रक्रियेनंतर त्याच जागी कॅन्सर परत येणं ही रोजची गोष्ट होती. हॉल्स्टेडच्या ५० पैकी फक्त तिघींना त्या जागी तो परत आला. सर्जन मंडळी थक्क झाली नसती तरच नवल. हॉल्स्टेडचं म्हणणं असं, की कॅन्सर एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात पसरत जातो. आधी स्तन, मग काख, मग पुढे. त्यामुळे जितकं रुंद आणि खोल कापाल तितका पेशंट सुरक्षित.

इथे एक बारीक गोष्ट सुटली. छातीवर कॅन्सर परत न येणं आणि पेशंट जिवंत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छातीची जागा स्वच्छ राहिली, तरी अनेक स्त्रिया काही वर्षांनी हाडांत किंवा यकृतात पसरलेल्या कॅन्सरने जात होत्या. शेताच्या भाषेत सांगायचं तर तणाचं बी आधीच वाऱ्यावर उडालेलं असेल, तर कितीही खोल खणून उपयोग नाही. पण पुढच्या पिढीतल्या सर्जनांनी उलटा अर्थ काढला. पेशंट गेली म्हणजे आपण कमी कापलं. मग कुणी मानेच्या खालपर्यंत गेलं, कुणी बरगड्यांपर्यंत. जगलेल्या स्त्रियांची छाती खोलगट व्हायची, बरगड्या कातडीखाली दिसायच्या आणि हात सुजून जड व्हायचा.

लंडनमध्ये एक माणूस मात्र वेगळ्या वाटेने गेला. सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयातले जेफ्री केन्स (अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे धाकटे भाऊ) १९२०च्या दशकात गाठीभोवती रेडियमच्या सुया ठेवून उपचार करू लागले. गाठ काढायची, स्तन ठेवायचा आणि किरणांनी उरलंसुरलं मारायचं. १९३७ मध्ये त्यांनी आपले निकाल छापले आणि ते रॅडिकल शस्त्रक्रियेच्या तोडीचे दिसत होते. फारसं कुणी ऐकलं नाही. त्यांच्याकडे तुलनेसाठी चिठ्ठ्या टाकून निवडलेला दुसरा गट नव्हता, हेही खरं.

लंडनमधलेच डेव्हिड पेटी यांनी १९४८ मध्ये छातीचा मोठा स्नायू वाचवून स्तन आणि काखेतल्या गाठी काढण्याची पद्धत मांडली. तुमच्या केस पेपरवर 'एमआरएम' असं लिहिलेलं असतं ना, ती सुधारित शस्त्रक्रिया याच घराण्यातली. म्हणजे आज जिला आपण 'पूर्ण काढणं' म्हणतो, तीसुद्धा हॉल्स्टेडच्या मानाने कमीच आहे.

चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना

दोन शस्त्रक्रियांपैकी कुठली चांगली हे कसं ठरवायचं? डॉक्टरने स्वतः निवडलं तर तो लहान गाठीवाल्या, धडधाकट स्त्रियांना छोटी शस्त्रक्रिया देईल आणि मग ती शस्त्रक्रियाच चांगली वाटेल. म्हणून चिठ्ठी टाकायची. कुणाला काय मिळेल हे डॉक्टरच्या किंवा पेशंटच्या हातात नाही. असे दोन गट इतर सगळ्या बाबतींत सारखे होतात आणि फरक उरतो तो फक्त शस्त्रक्रियेचा.

स्तन वाचवण्याची अशी पहिली मोठी तुलना लंडनच्या गायज रुग्णालयात १९६१ पासून झाली. पन्नाशी गाठलेल्या ३७० स्त्रिया. निकाल १९७२ मध्ये आला आणि तो स्तन वाचवण्याच्या पूर्णपणे बाजूने नव्हता. काखेत गाठी न लागणाऱ्या स्त्रियांत जगण्यात फरक नव्हता, पण काखेत गाठी लागणाऱ्या स्त्रियांत स्तन वाचवलेला गट मागे पडला. कारण त्या गटात काखेतल्या गाठी काढल्या नव्हत्या आणि दिलेलं रेडिएशन आजच्या मानाने फार कमी होतं. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो आहे. स्तन वाचवणं म्हणजे अर्धवट उपचार करणं नव्हे. अर्धवट उपचाराची किंमत तेव्हाच्या स्त्रियांनी जिवाने मोजली आहे.

त्याच काळात अमेरिकेत बायका ऑपरेशन टेबलवर जायच्या तेव्हा शुद्धीवर आल्यावर स्तन असेल की नसेल हे त्यांना माहीत नसायचं. भूल दिलेली असतानाच गाठीचा तुकडा तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर तिथेच सगळं काढायचं, अशी रीत. रोझ कुशनर या पत्रकार बाईंनी १९७४ मध्ये स्वतःच्या आजारात याला नकार दिला. आधी तपासणी करा, मला सांगा, मग मी ठरवेन, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी त्यांना बरेच सर्जन पालथे घालावे लागले. पुढे १९७९ मध्ये अमेरिकन सरकारच्या तज्ज्ञ समितीवर त्या बसल्या, आणि बायोप्सी व शस्त्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी करायची शिफारस तिथून आली. आज आपल्याकडे आधी सुईची बायोप्सी होते, रिपोर्ट येतो, घरी बोलायला वेळ मिळतो. हे आपोआप झालेलं नाही.

पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर हे या कथेतले सर्वांत चिवट डॉक्टर. त्यांचा अंदाज हॉल्स्टेडच्या उलट होता. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी बरेचदा सुरुवातीलाच रक्तातून बाहेर पडलेल्या असतात, त्यामुळे कापण्याच्या आकाराने जगण्यात फरक पडणार नाही, असं ते म्हणत. १९७१ मध्ये त्यांनी पहिली तुलना सुरू केली, १,६६५ स्त्रियांची. हॉल्स्टेडची मोठी शस्त्रक्रिया विरुद्ध फक्त स्तन काढणं. पंचवीस वर्षांनंतरही जगण्यात फरक दिसला नाही. स्नायू काढून काही मिळालं नव्हतं.

मग खरा प्रश्न आला. स्तन तरी काढायला हवा का? १९७६ ते १९८४ या काळात फिशर यांच्या गटाने चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या स्त्रियांचे तीन गट केले. पूर्ण स्तन काढणं, फक्त गाठ काढणं, आणि गाठ काढून रेडिएशन देणं. काखेतल्या गाठी तिन्ही गटांत काढल्या. इटलीत मिलानला उम्बेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ मध्येच आपली तुलना सुरू केली होती. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी, ७०१ स्त्रिया, एका गटाला हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याला स्तनाचा चौथा भाग काढून रेडिएशन.

दोन्ही तुलनांचा वीस वर्षांचा निकाल २००२ मध्ये आला. मिलानमध्ये वीस वर्षांत कुठल्याही कारणाने मृत्यू झालेल्या स्त्रिया एका गटात ४१.२ टक्के, दुसऱ्यात ४१.७ टक्के. फिशर यांच्या तीन गटांत वीस वर्षांनी हयात असलेल्या स्त्रिया ४७, ४६ आणि ४६ टक्के.

हे आकडे वाचून घाबरू नका. यात म्हातारपणाने, हृदयविकाराने गेलेल्याही मोजल्या आहेत, आणि या स्त्रियांवर उपचार झाले तेव्हा आजची बरीचशी औषधं नव्हती. इथे पाहायचा आहे तो गटांमधला फरक, आणि तो नाही.

एक फरक मात्र होता आणि तो लपवू नये. ठेवलेल्या स्तनात कॅन्सर परत येण्याचा धोका. मिलानमध्ये स्तन वाचवलेल्यांपैकी ३० जणींना तो त्याच स्तनात परत आला, तर स्तन काढलेल्यांपैकी ८ जणींना त्या जागी. तो सापडला की पुन्हा शस्त्रक्रिया करता येते, म्हणून जगण्याच्या आकड्यात तो दिसला नाही. फिशर यांच्या पाहणीत रेडिएशन घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे १४ जणींना आणि न घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे ३९ जणींना त्याच स्तनात कॅन्सर परत आला.

मधल्या काळात एक वादळ येऊन गेलं. फिशर यांच्या पाहणीत भाग घेतलेल्या माँट्रियलच्या एका सर्जनने काही पेशंटच्या नोंदींत फेरफार केल्याचं १९९४ मध्ये वर्तमानपत्रांतून बाहेर आलं. स्तन वाचवलेल्या हजारो स्त्रियांची झोप उडाली असणार. मग त्या सर्जनच्या सगळ्या पेशंट वगळून हिशेब पुन्हा मांडला, तो १९९५ मध्ये छापला, आणि निकाल तसाच राहिला. शिवाय मिलानचा निकाल वेगळ्या देशातून, वेगळ्या हातांनी आलेला होताच. एकाच अभ्यासावर मी कधी फार भार टाकत नाही तो यासाठी.

शेक टाळला तर

आता आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या अडचणीकडे येऊ. फिशर यांच्या पाहणीत रेडिएशन (आपल्याकडे लोक ज्याला 'शेक देणं' म्हणतात) घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रिया जवळपास सारख्याच जगल्या. मग शेकाची गरज काय, असा प्रश्न कुणीही विचारेल. एका पाहणीत लहान फरक दिसत नाही, अनेक एकत्र केल्या की दिसतो. २०११ मध्ये १७ पाहण्यांमधल्या १०,८०१ स्त्रियांचा हिशेब एकत्र मांडला गेला. स्तन वाचवून रेडिएशन न घेतलेल्यांत दहा वर्षांत कुठेही पहिल्यांदा कॅन्सर परत येण्याचं प्रमाण ३५ टक्के होतं, घेतलेल्यांत ते सुमारे १९ टक्क्यांवर आलं. पंधरा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांवरून सुमारे २१ टक्क्यांवर आले. म्हणजे शेक हा फक्त स्तन वाचवण्यासाठी नाही, जीव वाचवण्यासाठीही आहे.

त्यामुळे गाठ काढून स्तन ठेवला आणि मग शेती आहे, लग्न आहे, गणपतीच्या कारखान्यात सीझन आहे म्हणून शेक राहून गेला, तर तुम्ही वाचलेल्या निकालांमधला उपचार घेतलेलाच नाही. हे पेणमध्ये मला स्पष्टपणे सांगावं लागतं. एखादीला घरची परिस्थिती पाहता रोज जाणं खरंच शक्य नसेल, तर पूर्ण स्तन काढण्याचा निर्णय हा माघार घेणं नाही. तो तितकाच योग्य उपचार आहे. मात्र पूर्ण काढला की शेक नक्की टळतो असंही नाही. काखेतल्या गाठींत कॅन्सर सापडला तर त्यानंतरही तो लागू शकतो.

मुंबईने काय पाहिलं

"हे सगळं गोऱ्या बायकांवरचं," असं कुणी म्हणेल. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथे १९८० ते २००० या काळात स्तन वाचवण्याचे उपचार घेतलेल्या १,०२२ भारतीय स्त्रियांची माहिती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. पाच वर्षांनी ८७ टक्के आणि दहा वर्षांनी ७७ टक्के स्त्रिया हयात होत्या. चिठ्ठी टाकून केलेली ही तुलना नव्हे, पण हा उपचार आपल्या बायकांना आणि आपल्या रुग्णालयांना जमतो हे त्यातून दिसलं.

जास्त कापण्याने जास्त आयुष्य मिळतं का, हा प्रश्न टाटाच्या डॉक्टरांनी अगदी वेगळ्या टोकाकडूनही तपासला. निदानाच्या वेळीच कॅन्सर दूर पसरलेल्या ३५० स्त्रियांच्या दोन गटांत चिठ्ठ्या टाकल्या. एका गटात स्तन आणि काखेतल्या गाठींवर उपचार केले, दुसऱ्यात केले नाहीत. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने २०१५ मध्ये निकाल छापला. स्तनावर उपचार केल्याने आयुष्य वाढलं नाही. बी उडून गेल्यावर शेत खणण्याबद्दल वर म्हटलं ते इथे आपल्याच माणसांत दिसलं.

मग शस्त्रक्रियेने जगण्यात काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण तो वेगळ्याच जागी सापडला. शस्त्रक्रियेत गाठ हलते, दाबली जाते, त्या काही मिनिटांत पेशी रक्तात जात असतील का, असा डॉ. बडवे यांच्या गटाचा प्रश्न होता. त्यांनी शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीच्या चारही बाजूंना लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं. दात काढताना देतात तेच, जागा बधिर करणारं, कुठल्याही ऑपरेशन थिएटरमध्ये असणारं स्वस्त औषध. भारतातल्या ११ केंद्रांवर सुरुवातीच्या टप्प्यातल्या १,५८३ स्त्रियांत निम्म्यांना ते दिलं, निम्म्यांना नाही. २०२३ मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रिया इंजेक्शनशिवाय ८६.४ टक्के, इंजेक्शनसह ९०.१ टक्के. (गंमत म्हणजे भाग बधिर करण्याचे सुरुवातीचे प्रयोग करणाऱ्यांत हॉल्स्टेडही होते, कोकेन वापरून.) ही एकच पाहणी आहे आणि इतर देशांनी ती पुन्हा करून पाहायला हवी. पण तुमच्या सर्जनना याबद्दल विचारायला काहीच हरकत नाही.

सर्वांत जुनी लढाई मात्र गाठ लवकर सापडण्याचीच. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. एका गटातल्या स्त्रियांची स्तन तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हातानेच करत. मॅमोग्राफी नाही, मशिन नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात तपासणी झालेल्या गटात कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यूंमध्ये घट दिसली नाही. गाठ लिंबाएवढी होईपर्यंत थांबलं तर स्तन वाचवायचा की काढायचा हा प्रश्न बरेचदा उरतच नाही.

अलीकडे स्वीडनमधून ४८,९८६ स्त्रियांची नोंद आली, २००८ ते २०१७ या काळातली. त्यात स्तन वाचवून रेडिएशन घेतलेल्या स्त्रिया पूर्ण स्तन काढलेल्यांपेक्षा जास्त जगलेल्या दिसतात. काही लोक यावरून स्तन वाचवणं 'जास्त चांगलं' असं सांगू लागले आहेत. मी तिथवर जात नाही, कारण इथे चिठ्ठ्या नव्हत्या. वय, इतर आजार, शिक्षण, उत्पन्न यांचा हिशेब करूनही निवड करताना डॉक्टरच्या मनात काय होतं ते आकड्यांत येत नाही. पण "ठेवला तर जीव जाईल" ही भीती मात्र या माहितीपुढे टिकत नाही.

काहींना पूर्ण स्तन काढणंच योग्य ठरतं. एकाच स्तनात लांब लांब अनेक गाठी असतील, स्तनाच्या मानाने गाठ मोठी असेल आणि केमोनेही लहान झाली नसेल, छातीवर आधी रेडिएशन झालं असेल, गरोदरपणामुळे शेक वेळेत देता येत नसेल, किंवा घराण्यात चालत आलेला जनुकीय दोष सापडला असेल, तर याचा विचार करावा लागतो. काखेतल्या गाठी किती काढायच्या याचीही अशीच लांब कथा आहे, ती वेगळ्या लेखात सांगेन.

शेकाच्या फेऱ्यांचं गणित आता पूर्वीइतकं कठीण राहिलेलं नाही. आधी पाच आठवडे रोज जावं लागायचं. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहण्यांनंतर १५ दिवसांचा, म्हणजे तीन आठवड्यांचा डोस बऱ्याच ठिकाणी रूढ झाला, आणि २०२० पासून काही निवडक पेशंटना पाच दिवसांतही तो देतात. टाटाचं खारघरचं केंद्र पेणहून पनवेलमार्गे गाठता येतं. रोह्याहून येणाऱ्यांना रोजचा प्रवास जड जातो, त्यांनी तेवढे आठवडे पनवेल किंवा नवी मुंबईतल्या नातेवाइकांकडे राहायची सोय आधीच बघून ठेवावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन येतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच भेटा. सर्जनला भेटाल तेव्हा हे तीन प्रश्न लिहून घेऊन जा: माझ्या गाठीत स्तन वाचवता येईल का, वाचवला तर किती दिवस शेक लागेल, आणि पूर्ण काढला तरी शेक लागण्याची शक्यता किती?